शेवटचा ट्रेलर कुठे आहे?

गेल्या महिन्यात या सदरात समृद्धी महामार्गावरच्या रोड ट्रेनचा ओझरता उल्लेख झाला होता. एक घोडा (म्हणजे ओढणारी इंजिनाची गाडी), मागे दोन डबे म्हणजे ट्रेलर, एकूण लांबी २५.२५ मीटर. २०२५ मध्ये नागपुरात तिला हिरवा झेंडा दाखवला आणि ती नागपूर-भिवंडी अशी धावू लागली. एवढ्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की टायर, डिझेल, इन्शुरन्सचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी थोडंसं. मी मूळची तासगावची. वडील द्राक्षांची गाडी घेऊन वाशी मार्केटला जायचे. लग्नानंतर मी पर्थला गेले. तिथे आधी बसचं, मग ट्रकचं लायसन्स काढलं आणि नऊ वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात रोड ट्रेन चालवली, बहुतेक ग्रेट नॉर्दर्न हायवेवर, पर्थपासून पोर्ट हेडलंडपर्यंत. गेली पाच वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवते. तेव्हा खालची उत्तरं तिथल्या रस्त्यावरची आहेत. आरटीओचा शिक्का माझ्याकडे नाही.

ताई, मी २३ वर्षांचा आहे, छोटा हत्ती चालवतो. दोन डब्यांची गाडी चालवायला वेगळं लायसन्स लागतं का? ते कुठे मिळतं? — एक वाचक, खामगाव

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाड्यांसाठी ‘ट्रान्सपोर्ट व्हेईकल’ असा एकच वर्ग आहे. मागे ट्रेलर किती, यावरून त्यात पायऱ्या पाडलेल्या नाहीत. वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी एक वर्ष एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असायला हवं. तुझा छोटा हत्ती एलएमव्हीवरच चालतो. ७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला ते पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या वर गेलास की ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढायचं. गॅस-पेट्रोलच्या टँकरला मात्र धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. म्हणजे ‘या गाडीला जास्तीचं शिक्षण हवं’ ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही, फक्त ती टँकरपाशी थांबलेली आहे.

ऑस्ट्रेलियात कशी जिना चढल्यासारखी व्यवस्था आहे ते सांगते, म्हणजे तुला तुझी पायरी कळेल. आधी साधं कारचं लायसन्स. मग एचआर, म्हणजे तीन किंवा जास्त ॲक्सलचा एकसंध ट्रक, आपल्या दहा चाकीसारखा. मग एचसी : घोडा आणि मागे एक ट्रेलर. सगळ्यात वर एमसी, म्हणजे मल्टी कॉम्बिनेशन. दोन किंवा जास्त ट्रेलर ओढायचे असतील तर हेच लागतं. एचआर किंवा एचसी किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय एमसीच्या परीक्षेला बसता येत नाही. परीक्षाही तसल्याच जोडगाडीवर द्यायची. ऑटो गिअरच्या गाडीवर दिलीस तर लायसन्सवर तशी अट पडते, मग १८ गिअरच्या रोडरेंजर गिअरबॉक्सच्या गाडीला हात लावता येत नाही.

आता ही गाडी किती मोठी, ते डोळ्यांपुढे आण. दोन ट्रेलरची रोड ट्रेन ३६.५ मीटरपर्यंत, तीन ट्रेलरची ५३.५ मीटरपर्यंत. म्हणजे साडेचार एसटी बस एकीला एक चिकटून. भरलेल्या तीन ट्रेलरचं वजन ११५ टनांच्या घरात जातं. तुझ्या छोट्या हत्तीवरून थेट तिथे उडी मारायची घाई करू नकोस. दोन वर्षं एका ट्रेलरवर घाल, आणि तीसुद्धा एकाच मालकाकडे, एकाच गाडीवर. गाडी बदलत राहिलास तर चूक तुझी होती की गाडीची, हे कधी कळत नाही.

सोळा वर्षं ट्रेलरवर आहे. न्हावाशेवाच्या यार्डात ४० फुटी कंटेनर एका दमात रिव्हर्स लावतो, उतरून बघायची गरज पडत नाही. दोन ट्रेलर म्हणजे लांबी दुप्पट, एवढंच ना? त्याला शिक्षण कसलं? — एक ट्रेलर ड्रायव्हर, कराड

दादा, तुमच्यासारखाच मी पण एकदा विचार केला होता. त्या विचाराची किंमत पुढे सांगते.

आधी तुमच्या आवडीचा रिव्हर्स. एका ट्रेलरला आपण स्टिअरिंग उलटं फिरवतो, हे तुमच्या मनगटात भिनलेलं आहे. दोन ट्रेलर जोडायचे दोन प्रकार असतात. पहिल्यात पुढच्या ट्रेलरच्या शेपटाशीच टर्नटेबल, म्हणजे ट्रेलर टेकून फिरतो ती चकती असते आणि दुसरा ट्रेलर त्यावर बसतो. तिथे सांधे दोन. याला तिकडे बी-डबल म्हणतात आणि तो थोड्या सवयीने रिव्हर्स जातो. दुसऱ्या प्रकारात मध्ये डॉली असते : दांडा, चाकं आणि वर टर्नटेबल असलेली बुटकी गाडी. आता सांधे तीन झाले. पहिल्याला उलटं, दुसऱ्याला उलट्याचं उलटं, आणि डॉलीचा दांडा कधी मोडून आडवा पडेल त्याचा नेम नाही. तीन ट्रेलर असतील तर सांधे पाच. तीन ट्रेलर रिव्हर्स टाकून दाखवणारे कसबी लोक मी पाहिलेत. पण रोजच्या कामात चांगला ड्रायव्हर तो, ज्याच्यावर रिव्हर्सची वेळच येत नाही. पंपावर शिरण्याआधी तो बाहेर पडायची वाट बघून ठेवतो. अनोळखी जागी आधी पायी चालून येतो. माझ्या शिकाऊंना पहिले दोन दिवस मी रिव्हर्स शिकवतच नाही. कुठे शिरायचं नाही, तेवढंच शिकवते.

खरी अडचण पुढे जातानाच आहे. आसूड हातात घेतलाय का कधी? मूठ बोटभर हलते, टोक हातभर फिरतं. तसंच हे. समोर खड्डा आला, कुत्रं आलं, तुम्ही स्टिअरिंग झटक्यात थोडं डावीकडे घेऊन परत सरळ केलं. घोड्याला काही जाणवलं नाही. पहिला ट्रेलर किंचित डोलला. डॉलीवरचा शेवटचा ट्रेलर मात्र तुम्ही दिलेल्या झटक्याच्या दोन-तीन पट बाजूला फेकला जातो. ९० च्या वेगात तेवढ्याने तो उलटू शकतो, आणि केबिनमध्ये बसलेल्याला ते आरशात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पिलबारात, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या खाणींच्या भागात, कांगारू समोर आला तर आम्ही स्टिअरिंग धरून ठेवतो, सरळ ब्रेक लावतो आणि बाकी पुढच्या बुलबारवर, म्हणजे समोरच्या लोखंडी गजांवर सोडतो. ऐकायला निर्दय वाटेल. पण सोळा वर्षं ‘कट मारून’ वाचलेल्या माणसाला हीच सवय सोडणं सगळ्यात जड जातं. नवख्यापेक्षा मुरलेल्या ड्रायव्हरला शिकवायला मला जास्त वेळ लागतो, तो याचमुळे.

वळणावर दुसरी गंमत. हळू वेगात शेवटचा ट्रेलर आतल्या बाजूने वळण कापतो. डाव्या वळणावर कोपऱ्यातला खांब, मोटरसायकल, भाजीची हातगाडी, सगळं त्याच्या वाटेत येतं. वेगात लांब वळण घेतलं तर तोच ट्रेलर उलट बाहेर झुकतो. आणि रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असेल, तर सरळ चालतानाही शेवटचा ट्रेलर हळूहळू कडेकडे सरकत राहतो. म्हणजे तुम्ही लेनच्या मधोमध आणि तुमचं शेपूट खडीच्या पट्टीवर.

हे शिकवायला माझ्याकडे एक स्वस्त साधन आहे : लाल माती. कच्च्या रस्त्यावर शिकाऊला दोन किलोमीटर चालवायला लावते, मग गाडी थांबवून दोघं खाली उतरून मागे चालत जातो. बैलगाडीची चाकोरी जशी बांधावर उमटते, तसे शेवटच्या ट्रेलरच्या चाकांचे माग पडलेले असतात. सरळ चालवणाऱ्याचे माग सरळ. ज्याचा हात स्टिअरिंगवर सारखा खेळतो, त्याचे माग सापासारखे. तिथे वाद घालायला जागा नसते. एकाने मला सांगितलं होतं, वारा होता म्हणून. वाऱ्याने गवताची काडी हलत नव्हती.

आता किंमत. पर्थहून उत्तरेला जाताना वुबिन नावाचं छोटं गाव लागतं. गावाबाहेर ट्रेलर जोडायचं-सोडायचं मैदान आहे. माझं पहिलं वर्ष, पहाटेचे तीन, थंडी. तिसरा ट्रेलर जोडला. किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पोटाखालची खुंटी, टर्नटेबलात बसला, लॉकचा आवाज आला, घोडा पुढे ओढून झटका देऊन पाहिला, घट्ट. हवेचे पाइप लावले, ट्रेलरचे पाय वर घेतले, लाइट लागले. निघायची तयारी. माझ्याबरोबर शिकवायला एक म्हातारा ड्रायव्हर होता, बोलणं जवळपास नाहीच. तो म्हणाला, ब्रेक लावून ठेव आणि शेवटच्या चाकापर्यंत चालत जा. गेले. तो आला, वाकला, ट्रेलरच्या पोटाखाली टॉर्च मारला. पहिल्या दोन ट्रेलरच्या ब्रेकचे दांडे बाहेर आलेले, तिसऱ्याचे जागच्या जागी, म्हणजे तिथे ब्रेक लागलाच नव्हता.

झालं होतं असं की दुसऱ्या ट्रेलरच्या मागे हवेचे दोन नळ असतात. एक पार्किंग ब्रेक सोडवणारा, दुसरा चालता ब्रेक लावणारा. पहिला मी उघडला होता, म्हणून ट्रेलर मोकळा झाला आणि मागे येणार होता. दुसरा बंद राहिला, म्हणून मागच्या २० टनांना ब्रेकच नव्हता. गाडी हलवून हे कळत नाही. झटका देऊन कळत नाही. लाइट बघून कळत नाही. मागे चालत जाऊनच कळतं. म्हातारा काही ओरडला नाही. थर्मासमधला चहा ओतून दिला आणि म्हणाला, आता परत पहिल्यापासून सगळं कर. सगळं सोडून परत जोडायला ५० मिनिटं लागली.

दादा, उतरून न बघता रिव्हर्स लावता, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. मला त्या वाक्यात फक्त ‘उतरून न बघता’ एवढंच दिसलं.

मुलाकडे ओहायोला आलो असता टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) तीन छोटे डबे ओढणारी गाडी दिसली. अमेरिकेत याबाबत नियम अधिक काटेकोर असावेत असे वाटते. खुलासा करावा. — एक निवृत्त सरकारी अभियंता, सध्या मुक्काम क्लीव्हलंड

काका, काटेकोर आहेत खरे, पण काटा वेगळ्या जागी आहे. १९९१ च्या कायद्याने तिथे राज्यांना जागच्या जागी थांबवलं : ज्या राज्यांत, ज्या रस्त्यांवर अशा लांब गाड्या तेव्हा चालत होत्या तिथेच त्या चालतील, नवे रस्ते उघडायचे नाहीत. म्हणून तुम्हाला ओहायो टर्नपाइकवर दिसली ती गाडी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात शिरताना डबे कमी करते. त्याच कायद्याने चालकांच्या प्रशिक्षणाचा नियमही करायला सांगितला. तो प्रत्यक्षात यायला २००४ साल उजाडलं. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही सरकारी नोकरी केली आहे.

नियम असा : दोन किंवा जास्त ट्रेलर आणि एकूण वजन ८०,००० पौंडांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबाने ३६ टनांच्या वर, अशी गाडी चालवायला वेगळं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर मालकाने त्या माणसाला चाकामागे बसवायचंच नाही. प्रशिक्षणाला येण्याआधी क्लास ए, म्हणजे जड जोडगाडीचं लायसन्स, त्यावर दोन-तीन ट्रेलरची नोंद आणि मागचे सहा महिने तशा लायसन्सवर गाडी चालवल्याचा पुरावा. दोन ट्रेलरचं शिक्षण वेगळं, तीनचं वेगळं. मला सगळ्यात आवडलेली अट शिकवणाऱ्यासाठी आहे : गाडीवर बसून शिकवणाऱ्याने त्या प्रकारची गाडी स्वतः किमान दोन वर्षं चालवलेली असली पाहिजे. पुस्तक वाचून आलेला मास्तर चालत नाही.

अभ्यासक्रमात जोडणं-सोडणं, वळणं, रात्र, खराब हवामान, धोका ओळखणं, माल भरणं, मार्ग आखणं असं सगळं आहे. वाचलं तर तुम्हाला ऑस्ट्रेलियाचाच अभ्यासक्रम वाटेल. रस्त्याची बाजू उलटी, एवढाच फरक.

माझ्या भावाला एका एजंटाने सांगितलं की १४ लाखांत ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि एमसी लायसन्स इथे बसूनच करून देतो. आईने दागिने काढून ठेवले आहेत. काय करावं? — एक वाचक भगिनी, चाळीसगाव

दागिने परत कपाटात ठेवायला सांगा. आज, हे वाचून झाल्यावर लगेच.

एमसी लायसन्स इथे बसून मिळत नाही. आपलं लायसन्स, त्यावर कितीही वर्षांचा ट्रेलरचा अनुभव असो, तिथे थेट एमसीमध्ये बदलत नाही. भावाला तिथे जाऊन परीक्षा द्याव्या लागतील, आणि वर सांगितलं तसं एचआर किंवा एचसी एक वर्ष वापरल्याशिवाय एमसीचं दार उघडत नाही. तेव्हा ‘दोन्ही एकत्र करून देतो’ म्हणणारा माणूस निदान एका गोष्टीत खोटं बोलतोय. दुसरीत बोलतोय का, हे तपासायला फार अक्कल लागत नाही. ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या व्हिसा एजंटांची यादी सरकार उघडपणे ठेवते, त्या कार्यालयाला ओमारा म्हणतात. एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागा आणि यादीत नाव बघा. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. ट्रक ड्रायव्हरच्या कामाला कुठला व्हिसा मिळतो हे अधूनमधून बदलतं. ते तिथल्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचायचं, एजंटाच्या मोबाइलवरच्या फोटोत नाही.

भावाला जायचंच असेल तर त्याचे पैसे आधी इंग्रजीवर लावा. गमतीने म्हणत नाहीये. रोड ट्रेन चालवताना रेडिओचा ४० नंबरचा चॅनल कायम चालू असतो. पुढून रुंद मशिन येतंय, पुलावर गुरं आहेत, तुझ्या शेवटच्या ट्रेलरचा टायर धूर सोडतोय, हे सगळं तिथे कळतं, आणि तेही शेतकऱ्यांच्या, नाकातून बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत. पहिले तीन महिने मला निम्मं कळत नव्हतं. मी निर्लज्जपणे परत विचारायची.

आमच्या भिवंडीच्या गोदामासाठी दोन डब्यांच्या गाड्या घ्यायचा विचार आहे. सहा ड्रायव्हर निवडायचे आहेत. कोण घ्यावेत, कसे तयार करावेत? — एक वाहतूक व्यावसायिक

साहेब, गाडी घेण्याआधी ड्रायव्हरचा प्रश्न विचारलात, याबद्दल आधी धन्यवाद. बहुतेक जण उलट क्रमाने येतात.

सगळ्यात वेळेवर पोहोचणारा ड्रायव्हर निवडू नका. तुमच्या आजच्या गाड्यांचे टायर बघा. ज्याच्या गाडीचे टायर सारखे झिजतात, ब्रेक लायनर जास्त टिकतात, तो माणूस लांबून बघून चालवतो. तो पहिला घ्या. मग सगळ्या अर्जदारांना बोलवा, एक जोडलेली गाडी उभी करा आणि फक्त सांगा, ‘ही घेऊन फाटकापर्यंत चल’. जो थेट केबिनमध्ये चढतो त्याला चहा पाजून परत पाठवा. जो आधी गाडीभोवती फिरतो, खाली वाकतो, पाइपाला हात लावतो, तो ठेवा. माझ्या एका जुन्या कंपनीत हीच मुलाखत होती आणि पोरांना ती मुलाखत आहे हे माहीतही नसायचं.

माल भरण्याचं तुमच्या हातात आहे, ड्रायव्हरच्या नाही. जड डबा घोड्याजवळ, हलका मागे. उलट केलंत तर आसुडाच्या टोकाला दगड बांधल्यासारखं होतं. गोदामातल्या मुकादमाला हे ड्रायव्हरइतकंच शिकवावं लागेल, कारण रात्री दोन वाजता ‘आधी जो आला तो भर’ असंच होतं.

झोपेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात दर पाच तासांच्या कामात किमान २० मिनिटं गाडीपासून सुटका हवी, आणि १४ दिवसांत १६८ तासांहून जास्त काम नाही. ‘काम’ म्हणजे नुसतं चालवणं नव्हे. माल भरायला उभं राहणं, ताडपत्री बांधणं, टायर बदलणं, सगळं त्यात येतं. आपल्याकडे ड्रायव्हर गोदामाच्या दारात सहा तास नंबर लावून उभा असतो आणि आपण त्याला ‘आराम झाला’ म्हणतो. त्यानंतर त्याला ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर सोडतो. समृद्धीवर घाट नाही, गाव नाही, गतिरोधक नाही. डोळा लागायला याहून चांगली जागा नाही. तिकडे वैद्यकीय तपासणीत घोरण्याबद्दल विचारतात. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला रात्री आठ तास झोपूनही दिवसा गुंगी येते. सहाही जणांची ही तपासणी करून घ्या, आणि निदान झालं म्हणून कुणाला काढू नका. उपचार घेऊन ते नीट चालवतात. काढून टाकलंत तर पुढचा माणूस सांगणारच नाही.

आणि पगार. फेरीवर पैसे दिलेत तर वर लिहिलेलं सगळं तुम्ही स्वतःच खोडलंत. महिन्याचा पगार द्या, रात्रीचा भत्ता द्या, उशीर झाला तर फोन करून झापू नका. परवडत नसेल तर दोन डब्यांची गाडी परवडत नाही, असा अर्थ घ्या.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर भोसरीला सीआयआरटी, म्हणजे रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, तिथे विचारा. पण शिकवणाऱ्याने स्वतः दोन डबे ओढलेले असावेत, ही अमेरिकेची अट तुम्ही स्वतःला लावून घ्या. असा माणूस आज आपल्याकडे सहज मिळणार नाही, म्हणून पहिला ड्रायव्हर सगळ्यात निवांत तयार करा. पुढच्या पाच जणांचा मास्तर तोच होणार आहे. आणि ओव्हरटेक करणाऱ्याला उजवा दिवा देऊन ‘जा’ म्हणायची आपली पद्धत त्याच्याकडून सगळ्यात आधी सोडवा. ९० ने चालणाऱ्या ५० मीटरच्या गाडीला ११० ने ओलांडायला कारला २५ सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात ती पाऊण किलोमीटर जाते. तुमची गाडी निम्मी आहे, तरी पुढचा पाऊण किलोमीटर मोकळा आहे की नाही, हे दुसऱ्याच्या वतीने ठरवणारे आपण कोण?

मी १९ वर्षांची आहे. मला मोठी गाडी चालवायची आहे. घरचे हसतात. बाईच्या अंगात तेवढा जोर असतो का? — एक वाचक, जालना

स्टिअरिंगला जोर लागत नाही गं, ते एका बोटाने फिरतं. जोर लागतो तो ट्रेलरचे पाय खाली-वर करायच्या हँडलला, गंजलेल्या लॉकच्या दांड्याला आणि ताडपत्रीला. त्याला युक्ती आहे. मी दांड्याला तीन फुटांचा पोकळ पाइप लावते. माझ्याबरोबरचे सहा फुटी गोरे आधी हसले, मग पाइप मागायला लागले. पिलबाराच्या खाणींकडे जाणाऱ्या गाड्यांवर बायका आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मला त्रास झाला तो स्वच्छतागृहांचा. दोन रोडहाउसमधलं, म्हणजे तिथल्या पंप-धाब्यांमधलं अंतर २०० किलोमीटर असू शकतं. आपल्याकडे अंतर कमी आहे, पण धाब्यावरच्या संडासाची अवस्था तू जाणतेस. त्याचा विचार आधी कर, जोराचा नंतर.

तुझं वय नेमकं सोयीचं आहे. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला २० वर्षं आणि त्याआधी एक वर्ष एलएमव्ही लागतं. म्हणजे एलएमव्ही या महिन्यात काढलंस तर पुढच्या वर्षी याच सुमारास तू मोठ्या गाडीच्या लर्निंगला पात्र होशील. वर्षभर घरच्यांना बाजारला, लग्नाला, देवाला तूच घेऊन जा. रोज निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मार, चारही टायरना हात लाव. घरचे हसतील, हसू देत. लायसन्स आलं की पत्र टाक, कुठल्या जाडीचा पाइप घ्यायचा ते कळवते.